'पेन' या शब्दाच्या पलीकडे : इंग्रजीतील शरीराच्या आणि मनाच्या वेदनेचे शब्द

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेच्या वाटचालीचा, यशाचा आणि कृतज्ञतेचा उल्लेख असतो, आणि तो असावाच. या अंकासाठी आम्ही निवडलेला विषय मात्र थोडा वेगळा आहे. तो वेदनेच्या शब्दांचा आहे. निवासी शाळेत हा विषय रोजच्या गरजेचा आहे असे आम्हांस वाटते. घरी मुलाचे काय दुखते हे आईला त्याच्या चेहऱ्यावरून कळते. वसतिगृहात आई जवळ नसते. तेथे मुलाला आपले दुखणे स्वतः, शब्दांत सांगावे लागते. पुढे हेच मूल शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मोठ्या शहरात, परप्रांतात किंवा परदेशात जाते, आणि तेथील डॉक्टरांना, प्राध्यापकांना, वरिष्ठांना तेच दुखणे इंग्रजीत सांगण्याची वेळ त्याच्यावर येते. मराठीत ज्याच्यापाशी कळ, ठणका, चमक, जळजळ, रुखरुख असे कितीतरी शब्द आहेत, तो विद्यार्थी इंग्रजीत 'पेन' या एका शब्दापाशी येऊन अडतो. शब्द अडला की माणूस 'काही नाही, ठीक आहे' असे म्हणून गप्प बसतो, आणि त्याचे दुखणे तसेच राहते.

म्हणून इंग्रजीतील वेदनेच्या शब्दांची थोडी ओळख करून द्यावी, ते कोठून आले, कसे वापरावयाचे आणि आपल्या परंपरेतील शब्दांशी त्यांचे नाते काय, हे सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

चार जवळचे शब्द

आरंभ 'पेन' पासूनच करू. देवनागरीत लिहिताना लेखणीचा 'पेन' आणि वेदनेचा 'पेन' सारखेच दिसतात. बोलताना वेदनेच्या शब्दातील 'ए' लांबवून म्हणावयाचा असतो. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'पीना' या शब्दापासून आला. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ दंड, शिक्षा. आपल्या परिचयाच्या 'इंडियन पीनल कोड' मधील 'पीनल' आणि 'पेनल्टी' हे शब्द त्याच घरातले. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी वेदना ही कोणीतरी दिलेली शिक्षा आहे ही कल्पना आहे. या कल्पनेकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

दुसरा शब्द 'हर्ट'. हाही फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ आदळणे, धडकणे. 'हर्ट' हे क्रियापद आहे आणि बोलताना तेच सर्वांत सोयीचे. 'माझा पाय दुखतो आहे' याचे शब्दशः रूप करून आपल्याकडे 'माय लेग इज पेनिंग' असे म्हणण्याची पद्धत आहे. भारतात ते सर्वांना समजते. परंतु ब्रिटन-अमेरिकेतील प्रचलित इंग्रजीत 'माय लेग हर्ट्स' किंवा 'आय हॅव अ पेन इन माय लेग' असे म्हणतात. 'पेन' हे क्रियापद म्हणून तेथे बहुधा मनाच्या क्लेशासाठी राखलेले असते : एखादी गोष्ट सांगताना मला यातना होतात, अशा औपचारिक वाक्यात ते येते.

तिसरा शब्द 'एक्'. त्याचा उच्चार 'एय्क' असा होतो. हा अस्सल इंग्रजी मातीतला, फार जुना शब्द. त्यात एका जागी मुरलेली, बराच वेळ टिकणारी वेदना आहे. तो काही अवयवांच्या नावांना जोडला जातो : 'हेडेक' म्हणजे डोकेदुखी, 'टूथेक' म्हणजे दातदुखी, 'इअरेक' म्हणजे कानदुखी, 'बॅकेक' म्हणजे पाठदुखी, 'स्टमकेक' म्हणजे पोटदुखी. आपण मराठीत 'दुखी' हा प्रत्यय लावतो तसेच हे आहे. मात्र तो सर्वत्र लावून चालत नाही. पायाला, डोळ्याला, घशाला तो लावीत नाहीत. आणि 'हार्टेक' हा शब्द असला तरी त्याचा अर्थ हृदयदुखी असा नसून मनाची व्यथा असा आहे. छातीत दुखत असल्यास डॉक्टरांना 'चेस्ट पेन' असेच सांगितले पाहिजे. येथे शब्दाची चूक वेळेची हानी करू शकते.

चौथा शब्द 'सोअर'. घसा बसून दुखतो तेव्हा 'सोअर थ्रोट' म्हणतात. क्रीडास्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी अंग आंबते तेव्हा स्नायू 'सोअर' होतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होतात, त्यांना 'बेडसोअर' म्हणतात. या शब्दाचे एक अपत्य आपण दिवसातून दहा वेळा वापरतो : ते म्हणजे 'सॉरी'. 'सॉरी' हा शब्द 'सोअर' पासूनच घडला आहे. त्याचा मूळ अर्थ ज्याला दुखते आहे, जो व्यथित आहे, असा होता. ज्याच्या हातून दुसऱ्याला दुखावले गेले त्याने 'मलाही दुखते आहे' असे म्हणणे, हा या शब्दाचा जुना आशय. वर्गात एखाद्याचा धक्का लागल्यावर तोंडातून सहज निसटणाऱ्या शब्दात एवढे आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

दुखणे कसे आहे?

कोठे दुखते हे सांगणे त्या मानाने सोपे; तेथे बोट ठेवता येते. कसे दुखते हे सांगणे कठीण. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी आजारपणावरील आपल्या निबंधात, १९२६ साली, अशी तक्रार केली होती की प्रेम आणि चिंतन यांसाठी इंग्रजीपाशी शब्दांचे भांडार आहे, पण साधी डोकेदुखी डॉक्टरांपुढे मांडावयाची झाली तर भाषा आटते. ही तक्रार पूर्णपणे खरी नव्हती. शब्द होते, ते विखुरलेले होते. ते गोळा करण्याचे काम पुढे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी केले. १९७१ साली त्यांनी वॉरन टॉर्गरसन यांच्यासह वेदनेचे १०२ शब्द जमवून त्यांचे गट पाडले. १९७५ मध्ये त्यांतून एक प्रश्नावली सिद्ध झाली. 'मॅकगिल पेन क्वेश्चनेअर' या नावाने ती जगभर ओळखली जाते. तीत ७८ शब्द आणि २० गट आहेत. रुग्णाने आपल्या दुखण्याला लागू पडणारा शब्द निवडावयाचा.

या शब्दांतील काही पाहिले, तर बहुतेकांना मराठीत जिवंत जोड सापडतो. नाडीच्या ठोक्याबरोबर दुखते ते 'थ्रॉबिंग'. आपण त्याला ठणका किंवा ठसठस म्हणतो. विजेसारखी एका जागेवरून दुसरीकडे जाते ती वेदना 'शूटिंग'; आपली सणक किंवा चमक. सुरी खुपसल्यासारखी ती 'स्टॅबिंग'. पोटात मुरडा पडतो किंवा पोटरीत गोळा येतो ते 'क्रॅम्पिंग'. आतून कोणी कुरतडत असल्यासारखे वाटते ते 'नॉइंग'. जळजळ होते ते 'बर्निंग'. मिरची झोंबावी तसे होते ते 'स्टिंगिंग' किंवा 'स्मार्टिंग'. मंद, सतत, नेमके बोट ठेवता न येणारे ते 'डल'. डोके फुटते आहे असे आपण म्हणतो; इंग्रज माणूसही 'स्प्लिटिंग' हाच शब्द वापरतो. पाय आखडून बधिर होतो तेव्हा मात्र दोन भाषांची चित्रे वेगळी : आपल्या पायाला मुंग्या येतात, त्यांच्या पायाला 'पिन्स अँड नीडल्स', म्हणजे टाचण्या आणि सुया.

यांतील 'स्मार्ट' हा शब्द थांबून पाहण्याजोगा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झोंबणारे, बोचणारे असा होता. बोचरे ते तीक्ष्ण, तीक्ष्ण ते तल्लख, तल्लख ते चटपटीत आणि नीटनेटके, असा त्याचा प्रवास झाला. आज मुलांच्या हातातील फोनलाही तेच विशेषण लागते, आणि जखमेवर औषध लावल्यावर होणाऱ्या चुरचुरीलाही तेच.

आणखी एक शब्द 'टेंडर'. हात लावला की जी जागा दुखते, हुळहुळते, ती 'टेंडर'. याच शब्दाचा दुसरा अर्थ कोमल, मायाळू. मराठीतील 'हळवा' हा शब्द अगदी असाच आहे : जखमेची जागा हळवी असते आणि माणसाचे मनही. दोन दूरच्या भाषांना, परस्परांशी न बोलता, एकच गोष्ट सुचली.

दवाखान्यात आणखी काही शब्द उपयोगी पडतात. 'अक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेले, अल्पकाळचे. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ चालणारे. 'क्रॉनिक' याचा अर्थ 'फार तीव्र' असा अनेकजण समजतात. तो तसा नाही. ग्रीक भाषेत 'क्रोनोस' म्हणजे काळ, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनुसार तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वा पुनःपुन्हा उद्भवणारी वेदना 'क्रॉनिक' मानली जाते. तीव्रतेसाठी 'माइल्ड', 'मॉडरेट' आणि 'सिव्हिअर' अशी चढती भाजणी आहे. 'शून्य ते दहा या मापात किती?' असाही प्रश्न विचारला जातो. कोठे, कसे, केव्हापासून, किती, कशाने वाढते आणि कशाने थांबते, या सहा प्रश्नांची उत्तरे जो देऊ शकतो, त्याने डॉक्टरांचे अर्धे काम हलके केलेले असते.

मनाची वेदना आणि शरीराचे शब्द

आता मनाकडे वळू. इंग्रजीत मनाच्या वेदनेचे शब्द पाहू लागलो की ध्यानात येते, त्यांतील बहुतेक एके काळी शरीराचे शब्द होते. 'ग्रीफ', म्हणजे आप्ताच्या वियोगाचा शोक, हा लॅटिनमधील 'जड' या अर्थाच्या शब्दापासून आला. शोकात माणसाला छातीवर ओझे वाटते; शब्दात तेच वजन आहे. 'टॉर्मेंट' आणि 'टॉर्चर' यांच्या मुळाशी पिळणे, मुरगळणे आहे. 'ट्रॉमा' हा ग्रीक भाषेत साध्या जखमेचा शब्द होता. आज अपघात विभागातही तो वापरतात आणि मनावरील आघातासाठीही. 'ह्युमिलिएट', अपमान करणे, याच्या मुळाशी भूमी आहे : माणसाला जमिनीवर आणणे.

यांतील सर्वांत बोलके घराणे 'अँग्विश' आणि 'अँग्झायटी' यांचे. दोहोंच्या मुळाशी लॅटिनमधील 'आवळणे, अरुंद करणे' हा अर्थ आहे. संस्कृतातील 'अंहु' म्हणजे अरुंद आणि 'अंहस्' म्हणजे संकट हे शब्द त्याच प्राचीन मुळाचे मानले जातात. हृदयाला रक्त कमी पडल्याने छाती आवळल्यासारखी होते त्या व्याधीला इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली लंडनमध्ये वाचलेल्या निबंधात 'अँजायना' हे नाव दिले. तेही याच मुळाचे. म्हणजे छाती आवळणे, जीव घुसमटणे आणि चिंतेने मन आक्रसणे, या तिन्हींसाठी भाषेने एकच मूळ वापरले. मराठीतील 'कोंडमारा' हा शब्द याच जातीचा.

निवासी शाळेत नव्याने आलेल्या मुलांसाठी एक शब्द विशेष महत्त्वाचा : 'होमसिक', म्हणजे घराच्या ओढीने आजारी. याच्याशी निगडित 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. 'नॉस्टोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना, असे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर राहणारी स्विस माणसे, विशेषतः परमुलुखात चाकरीस गेलेले सैनिक, खंगत जात. त्यांच्या आजाराचे ते नाव होते. आज 'नॉस्टॅल्जिया' म्हणजे जुन्या दिवसांची गोड आठवण. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जे दाटून येते ते. पण मूळ शब्द रोगाचा होता. ज्या 'आल्गोस' पासून तो बनला, त्यापासूनच 'अॅनाल्जेसिक' म्हणजे वेदनाशामक औषध हा शब्दही बनला आहे. दर जूनमध्ये नव्या मुलांपैकी कोणी 'पोट दुखते' म्हणून अन्न बाजूला सारते, तेव्हा त्याच्या पोटात काही बिघाड नसेलही; परंतु दुखणे खोटे नसते. ते मूल मनाची वेदना शरीराच्या शब्दांत सांगत असते, जसे मोठमोठ्या भाषा सांगत आल्या.

पाली परंपरेतील भेद

येथे आपल्या धम्मपरंपरेतील शब्दांचा विचार अटळ आहे. मराठीत 'वेदना' म्हणजे दुखणे. पालीत मात्र 'वेदना' म्हणजे संवेदन, अनुभव. ती तीन प्रकारची : सुख, दुक्ख आणि अदुक्खमसुख, म्हणजे ना सुखाची ना दुःखाची. इंग्रजी अनुवादक म्हणूनच 'वेदना' या शब्दासाठी 'पेन' न वापरता 'फीलिंग' वा 'सेन्सेशन' वापरतात. धम्माची पुस्तके इंग्रजीतून वाचणाऱ्या आपल्या मुलांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

'दुक्ख' या शब्दाने तर अनुवादकांची कसोटीच पाहिली. १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली, आणि १९२१ ते १९२५ या काळात त्यांचा व विल्यम स्टीड यांचा पाली-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. 'दुक्ख' याची सर्व व्याप्ती सामावणारा एकही शब्द इंग्रजीत नाही, अशी कबुली त्या कोशातच आहे. 'सफरिंग' हा शब्द सर्वाधिक रूढ झाला. त्याचा मूळ लॅटिन अर्थ 'खाली राहून भार वाहणे'. त्यातील 'वाहणे' दाखविणारा लॅटिन धातू आणि आपल्या 'भार' शब्दातील 'भृ' हा धातू एकाच मुळाचे.

पहिल्या आर्यसत्याच्या विवेचनात दुःखाची एक मालिकाच येते : सोक, परिदेव, दुक्ख, दोमनस्स, उपायास. अनेक इंग्रजी अनुवादांत त्यांसाठी 'सॉरो', 'लॅमेंटेशन', 'पेन', 'ग्रीफ' आणि 'डिस्पेअर' हे शब्द योजिले आहेत. मनातला शोक, तोंडाने होणारा विलाप, शरीराचे दुखणे, मनाची खिन्नता आणि शेवटी सर्व आशा सुटणे. या मालिकेत 'दुक्ख' हा शब्द शरीराच्या वेदनेपुरता आहे आणि मनाच्या वेदनेला 'दोमनस्स' हे वेगळे नाव आहे. मॅकगिलच्या प्रश्नावलीच्या कितीतरी शतके आधी वेदनेचे शब्द असे वेगळे करून ठेवलेले होते.

संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. अज्ञ माणसाला बाण लागतो तेव्हा शरीराला वेदना होते, आणि त्या वेदनेवर तो शोक करतो, तळमळतो, तेव्हा जणू दुसरा बाण मनात शिरतो. जाणत्याला पहिलाच बाण लागतो. या दृष्टान्ताचा कधी कधी उलटा अर्थ लावला जातो, की दुःखाविषयी बोलूच नये, निमूट सोसावे. तसे त्यात नाही. पहिला बाण खरा आहे हे सुत्तात मान्यच केले आहे. आणि शरीराचे कोणते, मनाचे कोणते, हे ओळखून नाव दिल्यावाचून दुसरा बाण टाळता येत नाही.

'पेन' म्हणजे शिक्षा, या मूळ कल्पनेलाही याच निकायात उत्तर आहे. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की मनुष्याला जे जे भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्माचेच फळ, असे काही लोक म्हणतात. ते खरे काय? तथागतांनी आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिहींचा एकत्र प्रकोप, ऋतूंचा पालट, अयोग्य वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्माचे म्हणणारे लोक अनुभवाच्या आणि सर्वमान्य सत्याच्या पलीकडे जातात, असा त्यांचा अभिप्राय होता. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'तुझे भोग मागील जन्मीच्या पापाचे' असे ऐकविले गेले, त्या समाजाच्या मुलांना हे माहीत असणे अत्यावश्यक आहे. दुखणे ही शिक्षा नव्हे, म्हणून ते सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही.

समाजाची वेदना आणि इंग्रजी

इंग्रजीत 'इंज्युरी' म्हणजे इजा. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ अन्याय, हक्काचा भंग. शरीराची इजा आणि अन्याय एका शब्दात आल्या, हे आपल्या इतिहासाशी जुळणारे आहे.

वगळले जाणे दुखते, हे अलीकडे प्रयोगशाळेतही पाहिले गेले. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरील चेंडूफेकीच्या साध्या खेळात, काही वेळाने, एका खेळाडूकडे चेंडू येणेच बंद होई. त्या वेळी त्याच्या मेंदूचा जो भाग अधिक क्रियाशील झालेला दिसला, तो शारीरिक वेदनेच्या तगमगीशी संबंधित मानला जाणारा होता. या निष्कर्षाच्या तपशिलांवर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले. मात्र बहिष्काराची वेदना हा अभ्यासाचा विषय ठरला. बहिष्कार काय असतो हे आपल्या वाडवडिलांना कळावयास यंत्राची गरज पडली नव्हती.

ती वेदना इंग्रजीत जगापुढे मांडण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. सरकारी इंग्रजीत आपल्या समाजासाठी 'डिप्रेस्ड क्लासेस' असा शब्द होता. 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली दाबलेले. आज हाच शब्द मनाच्या एका आजारासाठी वापरला जातो. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी 'ब्रोकन मेन', म्हणजे मोडलेली, पांगलेली माणसे, हा शब्दप्रयोग योजिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी १९०१ च्या सुमाराचा आपला बालपणीचा प्रवास सांगितला आहे. त्यात वेदनेची विशेषणे फारशी नाहीत. मुलांना पाणी कसे मिळाले नाही, गाडीवाला कसा वागला, रात्र कशी काढली, एवढे ते ओळीने सांगतात. वाचणारा अमेरिकेतला असो वा आफ्रिकेतला, त्याला ती तहान कळते. विद्यार्थ्यांनी यातून शिकण्याजोगी गोष्ट अशी : योग्य विशेषण सापडले नाही, तर घडले ते क्रमाने सांगावे. डॉक्टरांना सांगतानाही, आणि अन्यायाची तक्रार लिहितानाही.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी दुःखाचा विचार माणसाने माणसाशी केलेल्या विषम वागणुकीपर्यंत नेला आहे. वेदनेला नाव द्यावयाचे ते तिचे कारण शोधण्यासाठी आणि ते दूर करण्यासाठी, हा त्या विचाराचा गाभा आहे.

शाळेत आणि घरी काय करता येईल

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. वेदना हा शरीराचा आणि भावनेचा, असा दुहेरी अप्रिय अनुभव आहे, हे तीत कायम आहे. सोबतच्या टिपांत तीन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. माणूस 'मला वेदना होते' असे म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. वेदनेची कल्पना माणूस जगण्याच्या अनुभवांतून शिकतो. आणि बोलता येत नाही म्हणून वेदना नाही, असे समजू नये.

या तीन गोष्टी वसतिगृहाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारख्या आहेत. आमची शिक्षकांना विनंती आहे की प्रत्येक वर्गात वेदनेच्या शब्दांचा एक तक्ता असावा : एका बाजूस मुलांच्या घरच्या बोलीतील शब्द, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. आधी घरचा शब्द, मग परका. कारण ज्याला ठणका आणि कळ यांतील भेद आपल्या भाषेत सांगता येतो, त्यालाच 'थ्रॉबिंग' आणि 'शूटिंग' यांतील भेद चटकन उमजतो. मनाच्या शब्दांनाही त्या तक्त्यात जागा असावी. 'सॅड' या एका शब्दापुढे जाऊन 'लोनली' म्हणजे एकाकी, 'अशेम्ड' म्हणजे ओशाळलेला, 'हर्ट' म्हणजे दुखावलेला, 'होमसिक' म्हणजे घराच्या ओढीने व्याकूळ, हे मुलांना म्हणता आले पाहिजे.

पालकांनी दूरध्वनीवर 'बरा आहेस ना?' असे विचारले की मूल 'हो' म्हणते आणि संभाषण संपते. त्याऐवजी 'आज काय आवडले नाही? कशाने वाईट वाटले?' असे विचारून पाहावे, आणि उत्तर आले की लगेच उपदेश न करता ते पूर्ण ऐकून घ्यावे. वैद्यकीय व परिचर्या क्षेत्रांत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन, दवाखान्यात आपले दुखणे कसे सांगावे याचा सराव मुलांकडून करून घेतला, तर ती संस्थेची मोलाची सेवा होईल. हाच सराव मेळाव्याला आलेल्या आई-आजींनाही उपयोगी पडेल. वर्षानुवर्षे 'चालायचंच' म्हणून अंगावर काढलेली कितीतरी दुखणी त्यांच्यापाशी आहेत.

इंग्रजीत रुग्णाला 'पेशंट' म्हणतात. त्याचा मूळ लॅटिन अर्थ सोसणारा. त्याच धातूला 'सोबत' हा अर्थ जोडून 'कम्पॅशन' हा शब्द झाला : दुसऱ्याबरोबर सोसणे. आपण त्यासाठी करुणा हा शब्द वापरतो. परंतु सोबत सोसावयाचे तर आधी कळले पाहिजे, आणि कळावयाचे तर कोणीतरी सांगितले पाहिजे. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला आपले दुखणे सांगता यावे, आणि दुसऱ्याने सांगितलेले ऐकता यावे, एवढ्यासाठी हा शब्दांचा खटाटोप.